बाकास बाइकेंचे तास

१२ ऑगस्ट

नोकरीचा पहिला दिवस. आईने सगळ्या गल्लीत सांगून टाकलंय की चिनारा पोलिसात लागली. जेवताना मी तिला नीट समजावलं. मी पोलीस नाही, प्रोबेशन अधिकाऱ्यांची मदतनीस आहे. कोर्ट ज्यांना तुरुंगात न धाडता घरी राहूनच शिक्षा भोगायला सांगतं, त्यांच्याकडे आम्ही जायचं. ते नेमलेलं काम करतात का, दारू पितात का, तालुका सोडून पळतात का, ते बघायचं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पोलीसच की."

माझ्या साहेब कुलीपा एजे, म्हणजे कुलीपाताई. पन्नाशी उलटलेली बाई, चष्म्याला दोरी, टेबलाच्या खणात सूर्यफुलाच्या बिया. दिवसभरात एकदाही हसल्या नाहीत. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी न उघडताच परत केलं. म्हणाल्या, "इथं दोनच गोष्टी लागतात. पाय आणि पोट. पायांनी घरोघर हिंडायचं, पोटात चहा रिचवायचा. दोन्ही धड आहेत ना?" आहेत म्हटलं. ऑक्टोबरअखेरपर्यंत मी कच्ची. पुढे ठेवायचं की नाही, ते त्या ठरवणार. मला तर वाटतं त्यांचं आजच ठरलंय.

१५ ऑगस्ट

पहिल्याच घरभेटीत घोळ केला. घरातल्या म्हातारीने नान पुढे केला, मी म्हटलं, आम्हाला कोणाकडून काही घेता येत नाही, नियम आहे. आणि तशीच बाहेर पडले. म्हातारी पाठोपाठ फाटकापर्यंत आली, हातात नान, डोळ्यांत पाणी.

कुलीपा एजेंनी जीपमध्ये बसल्यावर झाडलं. "नान न चाखता कोणाच्या घरातून बाहेर पडतात का गं? तुझ्या आईने तुला हेच शिकवलं? आता वर्षभर त्या घरात तुझ्याशी कोणी खरं बोलणार नाही."

"पण एजे, नियम..."

"नियम बरोबर आहे. चिमूटभर नान म्हणजे लाच नव्हे. बकरा कापायला निघाले की मग नियम सांग."

परत गेलो. मी चिमूटभर नान खाल्ला. म्हातारीने सांगितलं की तिचा नातू, ज्याला बघायला आम्ही गेलो होतो, तो आठवडाभर घरी झोपलेलाच नाही.

१९ ऑगस्ट

आज मला माझा स्वतःचा माणूस मिळाला. बाकास बाइके, म्हणजे बाकासदादा, राहणार तेरेक-दोबो. वय चव्वेचाळीस, मेंढ्या राखतात, आणि घोड्यावरून बकऱ्याचं धड पळवायचा कोक-बोरू खेळतात, म्हणजे खेळायचे. मे महिन्यात शेजारच्या काशका-बुलाक गावच्या संघाशी सामना होता. बाइकेंनी घोडा फेकत नेला, बकऱ्याचं धड गोलात टाकलं, आणि पंच म्हणाले, आत नाही पडलं, काठावर अडकलं. बाइकेंनी चाबकाची मूठ पंचांच्या खांद्यावर हाणली. हासळीचं हाड मोडलं. पंच काशका-बुलाकचेच, साठीचे गृहस्थ. कोर्टाने दोनशे चाळीस तास गावाचं काम बिनपगारी करायची शिक्षा दिली, मुदत ऑक्टोबरअखेर. न केल्यास उरलेले दिवस बंद वसाहतीत, म्हणजे सरळ तुरुंगात. उन्हाळाभर ते मेंढ्या घेऊन वर कुरणावर होते, त्यामुळे आजपर्यंत झालेलं काम शून्य.

माणूस दिसायला दांडगा, पण माझ्यासमोर टोपी हातात धरून उभा. त्यांची बायको जिपारा एजेने चहा ओतला. लग्नाच्या चौदा वर्षांनी त्यांना मूल झालंय, मुलगी, आयिम. ती चटईवर रांगत होती आणि पेटीला धरून उभी राहायची धडपड करत होती.

"शरदात चालायला लागेल," बाइके म्हणाले. "तास बितास मला काही कळत नाही पोरी, तू म्हणशील तिथं राबतो. फक्त ती चालेल तेव्हा मला इथं असू दे."

मी ताठ बसून सांगितलं की ते सगळं तुमच्या वागण्यावर आहे. नंतर स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

२६ ऑगस्ट

ग्रामसभेने काम दिलं, दवाखान्याचं कुंपण रंगवायचं. माझ्या हिशेबाने दोन आठवडे सहज पुरेल. आज सकाळी दहा वाजता बघायला गेले तर कुंपण रंगवून झालेलं. बारा-पंधरा माणसं गवतावर बसून कलिंगड खात होती आणि प्रत्येकाच्या कोपरापर्यंत निळा रंग.

"हे काय?"

"अशार," एक जण म्हणाला, मी जणू सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. "बाकास एकटा रंगवत होता. बरं दिसतं का ते?"

आमच्यात एकाच्या कामाला गाव धावतं हे मला काय ठाऊक नाही? आमचं घर असंच उभं राहिलं. पण ही शिक्षा आहे. बाइकेंचे तास मोजले: तीन.

आता नवं काम मंजूर व्हायला पुन्हा आठवडा.

७ सप्टेंबर

या वेळी पाटाचा गाळ काढायचं काम दिलं. दोन किलोमीटर लांब पाट, वर्षानुवर्षांचा गाळ. शहाणपणा म्हणून मी बाइकेंना बजावलं, कोणाला सांगायचं नाही, पहाटे जायचं, गुपचूप खणायचं.

पहाटे कुदळ खांद्यावर टाकून चाललेला माणूस गावाला दिसणार नाही, असं मला कसं वाटलं कोण जाणे. नऊ वाजता फावड्यांची रांग, दुपारी कढई चढली, संध्याकाळी पाटाला पाणी. शाळेचे मास्तर, दूधवाला, मुल्ला, सगळे गुडघाभर चिखलात. मी काठावर उभी राहून ओरडत होते, बाजूला व्हा, ही कोर्टाची शिक्षा आहे, आणि ते मला म्हणत होते, पोरी, उन्हात उभी नको राहूस, चहा घे.

गावच्या वडीलधाऱ्या अक्साकलांकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना, मदत करू नका. त्यांनी दाढी कुरवाळली. "म्हणजे आम्ही बसून बघायचं? शेजारी घाम गाळतोय आणि आम्ही बघतोय? गुन्हा बाकासने केला, मग ही शिक्षा आम्हाला का?"

घरी येऊन आईला तेच विचारलं. तिने विचारलं, "कढईत काय होतं?"

८ सप्टेंबर

कुलीपा एजेंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी मार्ग सांगतील. त्या खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बसल्या, खांदे हलत होते, खोकला झाला असावा. मग म्हणाल्या, "माणूस तुझा आहे. तूच बघ." मदत म्हणून करायची नाही बाईंना. मी नापास झाले की बरं, असंच त्यांच्या मनात असणार.

बाइके तुरुंगात गेले तर माझ्यामुळे जातील. त्यांच्या आळसामुळे नाही, दारूमुळे नाही. त्यांच्यावर गावाचा जीव आहे आणि मला साधं काम नेमता येत नाही म्हणून. झोप येईना म्हणून हे लिहितेय.

१३ सप्टेंबर

सुचलं. जिथं बाकास बाइकेंना कोणी मदत करणार नाही असं गाव कोणतं? काशका-बुलाक. तिथं त्यांचं नाव काढलं तरी लोक थुंकतात.

पण ज्यांना मारलं त्यांची संमती हवी. तेव्हा पंचांकडे गेले. कासिमाली बाइके, शाळेत कसरत शिकवायचे, अजून गळ्यात शिट्टी असते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. घाबरत घाबरत विचारलं की शाळेच्या मैदानाभोवती दगडी बांध घालायचाय, बाकासला पाठवलं तर चालेल का.

त्यांनी डाव्या हाताने शिट्टीची दोरी सारखी केली. मग म्हणाले, "येऊ दे. मी खुर्ची टाकून बघत बसेन. डॉक्टरांनी मला विश्रांती सांगितलीच आहे."

नान चाखून निघाले. रस्त्यात आनंदाने दोन उड्या मारल्या, तेव्हा समोरून बस आली.

२४ सप्टेंबर

पाच दिवस झाले आणि किती छान चाललंय. बाइके एकटे दगड वाहतात, लोक बाजूने जाताना टोमणे मारतात. "अरे बघ, तो दगड आत पडला की काठावर?" बाइके दात ओठ खातात पण गप्प. कासिमाली बाइके खुर्चीत, डोक्यावर छत्री. रोज आठ तास पक्के. मी मनातल्या मनात गाणी म्हणते.

आज दोघांचं बोलणं ऐकलं. पाच दिवसांतलं पहिलं.

"हा दगड हलतोय," पंच म्हणाले.

"नाही हलत."

"हलतोय. मी इथून बघतोय."

"तुम्ही तेव्हाही तिथूनच बघत होतात," बाइके म्हणाले. "धूळ उडाली होती. आत पडलं होतं ते."

"काठावर होतं."

मी चटकन मध्ये पडले. पण मारामारी झाली नाही. दोघं घसा बसेपर्यंत भांडले, नंतर पंचांनी थर्मासमधला चहा ओतला आणि एक पेला बाइकेंपुढे सरकवला. बाइकेंनी तो घेतला.

२८ सप्टेंबर

संपलं. कासिमाली बाइकेंनी काल, त्या सामन्यात घोडा कुठं होता, धड कुठं होतं हे दाखवायला चार दगड उचलून मांडले. ते मांडताना बांधाची एक ओळ वाकडी दिसली म्हणून एक दगड नीट केला. मग दुसरा, एका हाताने. त्यांच्या सुनेने ते पाहिलं. आमचा म्हातारा एका हाताने दगड उचलतोय आणि आपण बघतोय, म्हणून ती धावली, तिच्यामागे नवरा, त्याच्यामागे अख्खं काशका-बुलाक. आज दुपारी बांध पुरा. वर दोन बाक पण करून टाकले, कोणी सांगितलंही नव्हतं.

ज्या गावात त्यांचं नाव घेऊन थुंकत होते, तिथं आज बाइकेंना पुलावातला मांसाचा चांगला तुकडा वाढला. मला रडू आलं. तासांसाठी आलं की त्या दोघा पुरुषांना एका ताटात जेवताना पाहून आलं, ते मला सांगता येणार नाही.

निम्म्याहून जास्त तास अजून बाकी आहेत.

रागारागाने मी भांडी घासायला बसले. बायका घासतच होत्या. ढीगभर पेले, ताटल्या, एक मोठी कढई तळाला करपलेली. घासता घासता मान वर केली. सकाळपासून दगड उचलणारे सगळे पुरुष कुठं होते? घोड्यांपाशी, सावलीत, काही मोटारीच्या बॉनेटवर. एकाचाही पाय इकडे वळला नाही. अशार तिथं संपली होती.

मी हातातला पेला खाली ठेवला. तसाच साबणाचा हात कपाळाला लागला आणि फेस डोळ्यात गेला, पण मला फार म्हणजे फार आनंद झाला होता.

३० सप्टेंबर

तेरेक-दोबोच्या शाळेचं आणि बालवाडीचं स्वयंपाकघर एकच आहे. भांडी घासणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज वाचायच्या आधीच सही केली.

बाइकेंना सांगायला गेले. ऐकून त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली.

"मला तुरुंगात पाठव."

"बाइके, असं काय करता?"

"मी दगड फोडतो. विहीर खणतो. पण सगळ्या गावासमोर पेले? माझा बाप कोक-बोरूत सात घोडे जिंकून आला होता."

जिपारा एजे आतून म्हणाली, "पाठव गं पोरी, पाठव यांना. चौदा वर्षांत एकदा भांडी घासून बघू दे."

तेवढ्यात आयिमने पेटीचा आधार सोडला. कशालाही न धरता उभी राहिली, डुलली, आणि धप्पकन बसली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. मग बाइकेंनी विचारलं, "किती वाजता यायचं?"

६ ऑक्टोबर

कोणीही मदत करत नाही. एक माणूस नाही. बाइकेंचा धाकटा भाऊ पहिल्या दिवशी बाह्या सारून आला, दारातून आत पाहिलं आणि मेंढ्यांची आठवण झाली म्हणून निघून गेला.

बायका मात्र येतात. पण हात लावायला नाही. विणकाम घेऊन, बिया घेऊन, भिंतीला टेकून ओळीने बसतात. गावात एवढी करमणूक यापूर्वी झालेली नाही म्हणतात.

"कढई आधी भिजत घाल बाकास, मग घास."

"पेल्याच्या आतून फडकं फिरव, आतून. घरी जिपारा काय डोळे मिटून धुते का?"

"अगं बाई, याला तर बाह्या पण सारता येत नाहीत."

अक्साकलांच्या बायकोला मी विचारलं, आपा, तुम्हाला बाकास बाइकेंना एकटं राबताना बघवतं का? त्यावेळी तर सगळं गाव म्हणत होतं बघवत नाही. आपा म्हणाल्या, "ते पुरुषांना बघवत नाही. आम्हाला छान बघवतं."

कासिमाली बाइकेही काशका-बुलाकहून घोड्यावर आले. एक पेला उजेडात धरून म्हणाले, "काठावर अजून चिकट आहे." बाइकेंनी तो हातातून घेतला, पाहिला आणि परत धुतला.

१७ ऑक्टोबर

आज दुपारी जिपारा एजे आयिमला घेऊन आली. बायकांनी तिला बाकाला धरून उभं केलं. बाइके पाठमोरे, कोपरापर्यंत फेसात. मी दारात उभी होते म्हणून मला सगळं दिसलं. आयिमने बाक सोडला आणि निघाली. ओली फरशी, एक पाऊल, दोन, हात वर. सरळ बापाच्या पायाला जाऊन बिलगली.

बाइकेंनी खाली पाहिलं. हात फेसाने भरलेले, तिला उचलता येईना, पुसायला फडकं सापडेना. ते तसेच फरशीवर बसले आणि मांडीत घेऊन तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. एवढा दांडगा माणूस हुंदके देत होता. बायकांनीही डोक्यावरच्या रुमालांनी डोळे पुसले आणि नंतर मला कळलं की माझेही गाल भिजले आहेत.

बराच वेळ त्यांनी एकही पेला धुतला नाही. तो सगळा वेळ मी तासांत धरला. हे इथंच लिहितेय, बाहेर कुठं बोलणार नाही.

२९ ऑक्टोबर

तास पूर्ण, मुदतीच्या दोन दिवस आधी. बाइकेंनी शेवटची कढई घासून उलटी टांगली. मी अहवाल कुलीपा एजेंपुढे ठेवला. त्यांनी तो सगळा वाचला, भांड्यांचा भाग दोनदा वाचला, आणि पुन्हा त्यांना खोकला आला. या बाईंनी डॉक्टरांना दाखवायला हवं.

जाताना त्यांनी कचेरीची किल्ली माझ्यापुढे टाकली. "उद्यापासून तू उघडत जा. माझा गुडघा दुखतो." माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर नाही. विचारायचा धीर झाला नाही. उद्या काय तो निकाल लागेल.

१ नोव्हेंबर

कालही काही निकाल लागला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "किल्ली कोणाकडे आहे?" माझ्याकडे म्हटलं. "मग?" एवढंच बोलून बिया सोलायला लागल्या. काही कळलं नाही.

आज तेरेक-दोबोला आयिमची तुशू होती. मूल चालायला लागलं की पायांना काळापांढरा दोरा बांधतात, लोक शर्यत धावतात, जो पहिला येईल त्याने सुरीने तो दोरा कापायचा. मग मुलाची चाल मोकळी होते. कापणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो म्हणतात, म्हणून कोण जिंकतं याकडे आईबापांचं फार लक्ष असतं. बाकास बाइके आता आमच्या देखरेखीखाली नाहीत, तेव्हा मी आणि कुलीपा एजे पाहुण्या म्हणून गेलो. दोन्ही गावं जमलेली. पंच अर्थातच कासिमाली बाइके, शिट्टी घेऊन.

बायकांची शर्यत ठरली. जिपारा एजेने मला हाताला धरून रेषेवर उभं केलं. मी नको म्हणत होते, कारण कचेरीचे बूट होते, आणि शेजारी जिपारा एजेची धाकटी बहीण नुरीला, जी शाळेत असताना धावण्यात तालुक्यात पहिली यायची. शिट्टी वाजली. मी जीव तोडून धावले. दोघी-तिघी सुरुवातीलाच हसत मागे राहिल्या. नुरीला पुढे होती, पण शेवटी शेवटी बिचारीच्या बुटाचं काहीतरी झालं, ती वाकून बघायला लागली. तरीसुद्धा शेवटाला ताणलेल्या दोरीला आधी तिचाच हात लागला. मी शेजारीच होते, मला स्वच्छ दिसलं.

कासिमाली बाइकेंनी हात वर केला आणि म्हणाले, "चिनारा."

मी म्हटलं, "नाही बाइके, नुरीला आधी पोचली."

मग माझ्या लक्षात आलं की सगळे बाकास बाइकेंकडे बघताहेत. त्यांच्याच मेहुणीचा घास पंचांनी काढून घेतला होता, तोच पंच, तशीच उघड चूक, आणि या वेळी धूळही नव्हती. एवढ्या महिन्यांचं सगळं एका क्षणात वाहून जाणार असं वाटलं. बाइके सावकाश चालत पंचांसमोर जाऊन उभे राहिले. टोपी काढली.

"पंच म्हणाले ते खरं," ते म्हणाले.

कासिमाली बाइकेंनी त्यांना डाव्या हाताने जवळ ओढून मिठी मारली. दोन्ही गावांनी असा गलका केला की घोडे बिथरले. कुलीपा एजेंनी स्वतः सुरी माझ्या हातात दिली. दोरा दुसऱ्या खेपेला तुटला. आयिम निघाली, एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप, आणि मी मागे सुरी धरून उभी, डोळे पुसत. पोरगी आता माझ्यासारखी फेंगडी चालणार आणि माझ्यासारखी नियमांवरून भांडणार, याचं मला आईबापांसाठी वाईट वाटलं. पण त्या दोघांना त्याचं काहीच नव्हतं, हसत होती नुसती.

जेवताना मी नुरीलाच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, तुझ्यावर आज अन्याय झाला. पंचांची नजर अधू झालीय, आता कोणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवं. ती म्हणाली, "हो ना, फार वाईट झालं," आणि माझ्या ताटलीत आणखी पुलाव वाढला.